शकुकाकूंचं ‘हूं’

आमच्या शेजारच्या शकुकाकू घंटागाडीलाही हुंकार देतात. सकाळी गाडी गल्लीत शिरते, भोंग्यातली बाई सांगते, ‘‘ओला कचरा वेगळा ठेवा.’’ काकू ओट्यावरून म्हणतात, ‘‘हूं.’’ ‘‘सुका कचरा वेगळा ठेवा.’’ ‘‘हूं, ठेवला.’’ टीव्हीवरच्या बातम्यांनाही त्यांचं ‘हूं’ असतं. फोनवर ‘आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा’ सांगणाऱ्या बाईला तर त्या ‘‘हूं माय, बसते’’ म्हणून खरंच खाली बसतात.

‘‘हूं नाही त गोष्ट नाही,’’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी काही सांगत असेल तर ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. तो थांबला की सांगणाऱ्यानंही तिथंच थांबायचं. ‘‘सांगणाऱ्याचा जीव लटकून राह्यते पोरी. त्याच्या खाली काही आंथरशीन का नाही?’’

माझ्यासारखीला हे फार जड जातं. मी मुळात कमी बोलते. ‘‘काकू, आईनं...’’ ‘‘हूं.’’ ‘‘...विचारलंय...’’ ‘‘हूं.’’ तिसऱ्या हुंकारापर्यंत आईनं काय विचारलंय हे मीच विसरते.

मी शिकले इंग्रजी शाळेत. एकोणसत्तर म्हणजे किती, हे आई अजूनही मला पाहुण्यांसमोर विचारते आणि त्यांची करमणूक करते. त्यामुळे मी मराठीत काही लिहीत असेन असं आमच्या मोताळ्यात कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. मीही येऊ दिलं नव्हतं. गोष्टी वाचायच्या एका ॲपवर ‘रक्तचंदना’ या नावानं मी ‘शिवण’ नावाची छोटीशी गोष्ट टाकली होती. मळणीयंत्रात सापडून मेलेला प्रियकर रोज रात्री तुकड्यातुकड्यानं परत येतो. आधी हात, मग पाय, शेवटी डोकं. नायिका त्याला शिवत जाते, शिवताना त्याच्याशी बोलत राहते. काळीज मात्र सापडत नाही. मग ती विळ्यानं स्वतःचं काढून त्याच्या छातीत शिवते. तो डोळे उघडतो, ही मिटते. खाली वाचकांचे अभिप्राय होते. एकीचे डोळे पाणावले होते. एकानं लिहिलं होतं, ‘किळसवाणं. पुढचा भाग कधी?’ आणखी एकानं गुलाबाचं चित्र टाकून शुभ सकाळ केलं होतं.

उन्हाळ्यात काकूंच्या ओसरीत उडदाचे पापड असतात. आई आणि समोरच्या मीनावहिनी लाटायला बसतात. माझे पापड नकाशासारखे निघत असल्यामुळे माझ्याकडे फक्त ते उन्हात नेऊन टाकायचं काम. त्या दिवशी मीनावहिनी म्हणाल्या, ‘‘सायली, तुझे हात कोरडे आहेत. माझ्या मोबाईलमधली ती गोष्ट वाच ना. लय डेंजर आहे म्हणतात.’’

मी पाहिलं. ‘शिवण’. लेखिका : रक्तचंदना.

‘‘दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो,’’ मी घाईनं म्हणाले.

‘‘मोबाईलच्या गोष्टीले मामा नसते,’’ काकूंनी निकाल दिला. ‘‘वाच तू. हूं.’’

मी काकूंच्या बाजूला टेकून वाचायला लागले. आवाज कुठल्या कुठे गेला होता. पण प्रत्येक वाक्यापाशी ‘हूं’ येत होतं आणि मी त्यावर पाय ठेवत पुढं जात होते. हात आला. ‘‘हूं.’’ हातातून रक्त ठिबकत होतं. ‘‘हूं... फरशी व्हती का शेणाची भुई?’’

‘‘लिहिलं नाही, काकू.’’

‘‘फरशी असंन. शेणाच्या भुईवरून रक्त निघत नाही.’’

नायिकेनं सुई ओवली, तसं मीनावहिनींनी लाटणं थांबवलं. ‘‘साध्या सुईनं शिवते? दाभण पाह्यजे अन् सुतळी! आम्ही सोयाबीनची पोती साध्या दोऱ्यानं शिवतो का?’’

‘‘आणि त्या मुलाची आई कुठं आहे?’’ माझी आई म्हणाली. ‘‘मुलगा असा हप्त्याहप्त्यानं येतोय, तिला कोणी कळवलंसुद्धा नाही?’’

‘‘तुम्ही थांबा न, बाई,’’ काकू म्हणाल्या. ‘‘प्रेम करून राह्यली ते. शिवू द्या तिले.’’

विळा निघाला तेव्हा आईनं तेलाच्या हातानंच डोळे झाकले. मीनावहिनी मात्र सरसावून बसल्या. काळीज बाहेर आलं, धडधडत. ‘‘हूं.’’ त्याच्या छातीत बसलं. ‘‘हूं.’’ त्यानं डोळे उघडले. तिनं मिटले.

काकूंचं ‘हूं’ आलं नाही.

मी वाट पाहिली. नियम मला माहीत होता. पण गोष्टीत सांगायला आणखी काही उरलंही नव्हतं.

‘‘झाली?’’ मीनावहिनी म्हणाल्या. ‘‘वेडीच आहे ते पोरगी. असल्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईचं लगन जमते का काही?’’ आई हसली. काकू लाटीवर लाटणं फिरवत राहिल्या. तो पापड इतका पातळ झाला की फाटला. त्यांच्या हातचा पापड फाटलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

वाटलं, गोष्ट आवडली नाही. ॲपवरच्या कोणाला नावडली तर मला फार काही वाटत नव्हतं. काकूंना नावडली हे मात्र लागलं.

दोघी गेल्यावर मी पापड उलटत होते. काकू पदरानं हात पुसत अंगणात आल्या.

‘‘काऊन लिहिलं तसं?’’

‘‘कोणी?’’

‘‘तूनं. मीनीचा मोबाईल विळा निघायच्या आधीच बंद पडला. काचेत तुझंच तोंड दिसून राह्यलं व्हतं, अन् तू वाचूनच राह्यली व्हती.’’

मी हातातला पापड पुन्हा उलटला.

‘‘कोणाले नाही सांगत मी. गोष्ट चांगली आहे. रक्ताचं मले काही नाही वाटत. पण एवढ्या साऱ्या रात्री ते पोरगी त्याच्याशी बोलली. त्यानं डोळे उघडले तवा हे गेली. तिच्या पदरात एक हूं नाही पडलं. असं नोको करू, पोरी. एक हूं टाकजो.’’

मी मान हलवली. काकू खाटेवर टेकल्या.

‘‘तुझ्या काकाले तू पाह्यलं नाही. बैलांचे सौदे करे. बोलून बोलून म्हातारा बैल तरणा करून इके. घरात बी तेच बोले, मी हूं म्हणे. सारा जनम. मंग लकवा मारला. सारे शब्द गेले, हूं तेवढं राह्यलं. तवा माझी पाळी आली.’’ त्या हसल्या. ‘‘लय बोलली मी. माहेरचं, बाजारातलं, कोणाच्या सुनेचं. सारं ऐके. हूं... हूं...’’

‘‘एक दिवस मी त्याले स्टँडवरची गंमत सांगत व्हती. मलकापूरच्या एसटीत एका बाईची बकरी चढली. कंडक्टर म्हणे, हिचं तिकीट काढा. बाई म्हणे, काऊन, ते सीटवर बसली का? अन्... हूं आलं नाही. मले वाटलं, डोळा लागला. म्हणून मी बी थांबली.’’

त्यांनी एक पापड उचलला, उन्हात धरून पाहिला, परत ठेवला.

‘‘ते गोष्ट तशीच राह्यली, अर्धी.’’

मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले.

‘‘मग कंडक्टर काय म्हणाला, काकू?’’

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून पाय वर घेतले, गोष्ट सांगायला बसतात तसे.

‘‘कंडक्टर म्हणे, सीटवर नाही, पण माझ्या तिकिटांचा गठ्ठा खाऊन राह्यली ना वो बाई!’’

त्या थांबल्या.

‘‘हूं,’’ मी म्हणाले.