नऊ आकड्यांचं कुलूप

तिजोरीचा नंबर वहीत लिहिणं म्हणजे चोराला जेवायला बोलावणं, असं भय्यासाहेबांचं ठाम मत होतं. पाठ करणं त्याहून वाईट. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला संख्येचे गुणधर्म माहीत असले की बस, संख्या आपोआप हजर!

म्हणून नानाखेड्याच्या घरात बटणांची तिजोरी आली तेव्हा त्यांनी नऊ आकडी संख्या निवडली. एक ते नऊ, प्रत्येक आकडा एकदाच. पहिल्या दोन आकड्यांना दोननं भाग जायचा, पहिल्या तीनांना तीननं, असं करत अख्ख्या संख्येला नऊनं. अशी संख्या जगात एकच. ती त्यांनी उभ्याउभ्या मनात मांडली, दाबली आणि विसरून गेले.

आज नातीचा, इशिताचा, साखरपुडा होता. नातजावयाची अंगठी तिजोरीत आणि मुहूर्ताला दहा मिनिटं बाकी. होणारे व्याही शैलेंद्र बाहेर बसले होते. हे भय्यासाहेबांचेच जुने विद्यार्थी. सातनं भागून बघायचं राहिलं म्हणून दहावीत सरांनी त्यांच्या एका गणिताला शून्य दिलं होतं. "पायऱ्यांचे अर्धे मार्क तरी द्या" म्हणून ते रडले होते, पण सर बधले नव्हते.

भय्यासाहेबांनी निमंत्रण पत्रिकेच्या मागे सगळे भागाकार करून उत्तर काढलं: ३८१६५४७२९. तिजोरीनं लाल दिवा दाखवला. पुन्हा भागाकार, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा लाल दिवा. तिसऱ्यांदा चुकलं तर तिजोरी तासभर उघडणार नव्हती.

"कंपनी चोर आहे!" भय्यासाहेब कडाडले. "मी सिद्ध करून देतो. दुसरी संख्या असूच शकत नाही. या डब्याला गणित येत नाही, यात माझा काय दोष?"

शैलेंद्र दारात आले. "सर, टेन्शन घेऊ नका. सातनं भागून बघितलं का?"

"तू मला शिकवणार?"

स्वयंपाकघरातून अहल्याबाई हात पुसत आल्या. "अहो, जरा सरका. मुहूर्त निघून जाईल."

"हात लावू नकोस. शेवटचा चान्स आहे!"

पण अहल्याबाईंचं बोट चालू लागलं होतं. बटणांची पहिली उभी रांग वरून खाली, दुसरी वरून खाली, तिसरी खालून वर. एक चार सात, दोन पाच आठ, नऊ सहा तीन. तिजोरी उघडली.

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही दाबलं तेव्हा बघितलं. दर सोमवारी महाकालला जाताना बांगड्या मीच काढते. याच्यात काय दिक्कत आहे?"

अंगठी वेळेवर बोटात गेली. पेढे फिरले. भय्यासाहेब मात्र कोपऱ्यात त्याच पत्रिकेवर १४७२५८९६३ चे भागाकार करत बसले होते. दोननं जातो, तीननं जातो, सहापर्यंत सगळं ठीक. आठनं, नऊनंही जातो. सातपाशी मात्र त्यांची पेन्सिल थांबली.

शैलेंद्रनी खांद्यावरून वाकून पाहिलं. "बाकी किती राहिली, सर?"

"सहा."

"मग मार्क किती?"

भय्यासाहेबांनी पत्रिका खिशात कोंबली आणि फणकारले, "पायऱ्यांचे अर्धे असतात."