लोणीची ओळख परेड

एक व्हिजिटिंग कार्ड: ‘उल्हास गोडबोले, खाजगी अन्वेषक, दिल्ली आणि आसपास. नजर घारीची, चाल वाघाची, अपयश शून्य.’ यशाचा आकडा कार्डावर मावला नसावा.

एक माकडटोपी. बदामी, डाव्या कानाशी उसवलेली.

मुनिरकातल्या एका इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घरमालकिणीचा मेसेज: ‘तीसरी मंज़िल की बिल्ली महीने के आख़िर तक बाहर। नहीं तो बिल्ली वाली भी बाहर।’

एक पांढरी मांजर, नाव लोणी. डोक्यावर, कानामागे आणि शेपटीच्या मुळाशी रुपयाएवढी गोल टकलं.

मांजर क्षिप्राची होती. क्षिप्रा दिवसभर गुरुग्रामच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची आणि संध्याकाळी मुनिरकातल्या खोलीवर येऊन लोणीशी मराठीत भांडायची. मुनिरकात मराठीत हक्काने भांडायला दुसरं होतं कोण? लोणी गेली असती तर खोलीत उरला असता फक्त गीझर. म्हणून मेसेज वाचल्यावर तिने घाबरून मामीला फोन केला.

तो मामाने उचलला.

सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर शालिनीमामीच्या नावावर होतं, कारण नोकरी तिची होती. डिटेक्टिव्ह एजन्सी मामाच्या नावावर होती, कारण मामाकडे वेळ होता. तासाभरात तो मार्केटातून घेतलेला लांब कोट आणि हॅट घालून दारात हजर. कोट लेडीज होता. उलट्या बाजूची बटणं मामाला युरोपियन वाटायची.

“मामा, मी हिला डॉक्टरकडे नेते.”

“डॉक्टरकडे? गुन्ह्याच्या जागेवरून पुरावा हलवायचा?” मामाने भिंग काढलं. “गोल. अगदी गोल. निसर्गात इतकं चांगलं वर्तुळ नसतं, क्षिप्रा.”

“चंद्र असतो.”

“मध्ये बोलू नकोस. हे माणसाचं काम आहे. कोणीतरी हिला भादरतंय.”

मामाचा पहिला सिद्धांत म्हणजे खालच्या मजल्यावरचा सिद्धांत. तो अकोल्याचा, पीएचडी करणारा, आणि त्याच्याकडे ट्रिमर होता.

“काका,” सिद्धांत म्हणाला, “मी माझीच दाढी करायचा कंटाळा करतो, हे तुम्हाला दिसतंय. दुसऱ्याची मांजर कुठून भादरणार?”

दुसरा सिद्धांत मामाने मांडण्याआधीच मागे घेतला, कारण त्यात घरमालकीण होती आणि ती मागेच उभी होती. चौधरी आंटीचं स्वतःचं मत पक्कं होतं. “नज़र लगी है बिल्ली को। पूरी बिल्डिंग को लगेगी।”

तेव्हा मामाने आपली खास पद्धत वापरली. ओळख परेड. “गुन्हेगाराच्या कुशीत मांजर बेचैन होतं. प्रत्येकाने लोणीला घट्ट पोटाशी धरायचं. गाल टेकवायचा. गालाशिवाय निकाल लागत नाही.”

सिद्धांतच्या कुशीत लोणी झोपली. आंटीच्या कुशीत गुरगुरली. “अरे, इसमें तो इंजन लगा है!” म्हणून आंटीने तिला आणखी आवळलं. मामाने उचलताच मात्र लोणीने त्याच्या कपाळावर पंजा मारला.

“साक्षीदार फितूर आहे,” मामा म्हणाला.

आठवडा उलटला. लोणीला आणखी एक टक्कल पडलं, महिना संपत आला, आणि क्षिप्रा रात्री भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती बघू लागली. ‘नो पेट्स’ हे शब्द तिला न वाचताच दिसायला लागले होते.

मग सिद्धांतच्या दंडावर लाल कडं उमटलं. आंटीच्या मानेवरही.

मामाला इतका आनंद त्याच्या लग्नातही झाला नव्हता. “टोळी! ही टोळीची खूण आहे! आधी मांजरावर शिक्का, मग सदस्यांवर!”

“जासूस जी, खुजली बहुत है,” आंटी म्हणाली.

“होणारच. अपराधाची जाणीव आहे ती.”

सिद्धांत दंड खाजवत मामाकडे बघत होता. “काका, जरा हॅट वर करा.”

“कशाला?”

“करा ना.”

कपाळावर केवढं तरी कडं. चांगलं बांगडीएवढं.

“शिक्का सगळ्यात मोठा तुमचा. मग टोळीचे मुखिया तुम्हीच की!”

मामाने फोनच्या काचेत स्वतःलाच तपासलं. त्याच्या कारकिर्दीत ही तशी दुर्मिळ घटना. “शत्रू,” तो हळूच म्हणाला, “माझ्या मेंदूच्या अगदी जवळ पोचलाय.”

नेमकी तेव्हाच शालिनीमामी आली. नवरा जेवायला घरी येईना म्हणून ती डबा घेऊन आली होती. तिने डबा ठेवला, मामाचं कपाळ उजेडाकडे वळवलं, मग लोणीचं.

“अहो, गजकर्ण आहे हे. दोघांनाही.”

“गजकर्ण? बुरशी?”

“मग काय, आंतरराष्ट्रीय टोळी?”

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खोलीत अंधार करून लोणीवर जांभळा दिवा धरला. टकलांच्या कडेचे केस हिरवे चमकले.

“विष!” मामा ओरडला.

“फंगस,” डॉक्टर म्हणाल्या आणि तपासणीसाठी केस उपटून घेतले. पोटात घ्यायचं औषध दिलं. आठवड्यातून दोनदा गंधकाच्या पाण्याची अंघोळ, वास सडक्या अंड्याचा, आणि ते पाणी अंगावरून धुऊन काढायचं नाही. अंथरूण गरम पाण्यात, केस रोज झाडून गोळा करायचे. केस उगवले म्हणून औषध थांबवायचं नाही, तपासणी स्वच्छ आल्यावरच. माणसांनी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. केमिस्टकडची स्टेरॉइडची ट्यूब चोळायची नाही. लाली जाते, बुरशी राहते.

मामाने खिशातली ट्यूब आणखी खोल ढकलली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आंटी दारात उभी राहिली. क्षिप्राने सगळं सांगितलं. नजर नाही, बुरशी आहे. औषधाने जाते. पण मांजराचे केस जिथे गळतात तिथे ती पसरते, म्हणून बरी होईपर्यंत लोणीला एकाच खोलीत ठेवायचंय.

“मतलब सीढ़ियों से उतरी, तो सीढ़ियों में भी फैलेगी?”

“हां, आंटी.”

आंटीने मान खाजवली. मग फोन काढला. ग्रुपवर मेसेज आला: ‘तीसरी मंज़िल की बिल्ली कमरे से बाहर नहीं निकलेगी। एक पंजा भी नहीं। मैं देख रही हूं।’

क्षिप्रा जमिनीवरच बसली आणि अंड्याच्या वासाच्या लोणीला मांडीवर घेऊन रडली. लोणीने नाक मुरडलं.

“केस सुटली,” मामाने जाहीर केलं. “टोळी सूक्ष्म निघाली, इतकंच. गोल आहे हे पहिल्यांदा मीच म्हणालो होतो.”

“पण आली कुठून?” सिद्धांतने विचारलं.

“तो धागा मी मोकळा सोडलाय. मुद्दाम.”

क्षिप्रा लोणीची टोपली रिकामी करत होती. तळाशी अंथरलेलं बदामी, लोकरीचं काहीतरी तिने कचऱ्याच्या पिशवीत टाकलं.

“अगं, ती नको टाकूस!” मामा धावला. “चांगली ऊबदार आहे. थंडी पडायला लागली तेव्हा मीच दिली होती तिला.”

आजही डबे घेऊन आलेल्या मामीने पिशवीत डोकावून पाहिलं. मग मामाकडे. मग ती डबे आवरू लागली.

लोणीच्या टोपलीत येण्याआधी, दिवाळीनंतरचा सबंध आठवडा, ती बदामी माकडटोपी सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये जिन्याखाली होती. मामाने स्वतःच्या डोक्यावरची काढून ती रस्त्यावरच्या मांजराच्या टकल्या पिल्लांना पांघरली होती.