छर्ऱ्यांची आंघोळ

रहांगडालेजी छर्ऱ्यांना आंघोळ घालतात. भांडी घासायच्या साबणाचे कोमट पाणी, त्यात चहाची गाळणी, आणि गाळणीत एअर पिस्तुलाचे शंभरेक छर्रे, असा तो विधी असतो. मग ते पंचावर पसरून वाळवायचे आणि तेलाचे एकच बोट फिरवायचे. आपल्या नातवंडांच्या अंगालाही त्यांनी कधी इतक्या निगुतीने तेल लावले असेल, असे मला वाटत नाही.

गोंदियातल्या आमच्या नेमबाजी मंडळाचे ते शस्त्रपाल; रोज दुपारी चारला हजर. हे पद मंडळाच्या घटनेत नाही. ते त्यांनी स्वतःच निर्माण केले आणि स्वतःच भरले. मंडळाच्या मालकीचे पिस्तूल एकच आहे. ते लोखंडी कपाटात असते आणि कपाटाची किल्ली जानव्यासारखी रहांगडालेजींच्या अंगावरून कधी उतरत नाही.

नोकरीत असताना ते तांदळाच्या गिरणीत प्रतवारी करीत. पोत्यात परखी खुपसून मूठभर नमुना काढायचा, काळ्या ताटात पसरायचा आणि अख्खा दाणा कुठला, कणी कुठली ते सांगायचे, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर त्यांनी फक्त धान्य बदलले. छर्ऱ्याला ते ‘दाणा’च म्हणतात. तेच काळे ताट, तोच चिमटा. छर्ऱ्याच्या मागच्या घेराला केसाएवढा पोचा दिसला की ‘कणी’ असा निकाल लागतो आणि तो छर्रा नवशिक्यांच्या डब्यात जातो. उरलेले सोनाराच्या काट्यावर चढतात आणि मगच आंघोळीला जातात. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ वैमानिकांचे विमान डोक्यावर आले की ते हात उचलून सर्वांना थांबवतात, कारण काटा हलतो. विमानातल्या त्या बिचाऱ्यांना आपण कोणाच्या कामात व्यत्यय आणत आहोत याची कल्पनाही नसते.

पिस्तुलाच्या बाबतीत तर त्यांची माया रोगाच्या पातळीवर गेलेली. चाळीस नेम झाले की ते माझ्या हातातून पिस्तूल काढून घेत आणि म्हणत, “थकली ते. आराम करू द्या.” ज्या यंत्रात दाबलेल्या हवेवाचून काही नाही, जे तापत नाही आणि धुरकटत नाही, ते थकते कसे, हे विचारण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. पन्नाशी उलटल्यावर मी हे शिकायला गेलेला. प्रश्न विचारण्यापेक्षा पिस्तूल परत देणे मला सोपे वाटे. मग नळी पुसायला तिच्यातून नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, गोळ्या मारणे, रबरी वायसरांना तेल देणे, हवेच्या टाकीचा दाब पाहणे असे सुरू होई. आठवड्याचे चार दिवस पिस्तूल कपाटात विश्रांती घेई आणि आम्ही बाकावर.

आमचे सचिव पेशाने वकील. त्यांची सहनशक्ती एके दिवशी संपली. “पिस्टल है या नई दुल्हन?” असे त्यांनी भर सभेत विचारले आणि ठराव मांडला: जिल्हा स्पर्धेत मंडळाचे पिस्तूल पहिल्या तिघांत आले, तर किल्ली रहांगडालेजींकडे राहील; नाही आले, तर सचिवांकडे जाईल. ठराव संमत झाला. मंडळातील चांगल्या नेमबाजांची स्वतःची पिस्तुले होती. मंडळाचे पिस्तूल वापरणारा, आणि म्हणून रहांगडालेजींचे भवितव्य मनगटावर पेलणारा, मी एकटा उरलो.

त्यांनी पंधरा दिवस खपून माझ्यासाठी एक डबी तयार केली. डबीतला प्रत्येक छर्रा पारखलेला, तोललेला आणि धुतलेला होता. स्पर्धेच्या सकाळी ती माझ्या हातात देताना ते म्हणाले, “सर, दाण्याची चिंता नोका करू. मनगट सांभाळा.”

मनगट सांभाळले, डबी सुटली. बूट बांधायला वाकलो आणि डबी सिमेंटच्या फरशीवर उपडी झाली. मऊ शिशाचे ते घेर दबून वेडेवाकडे झाले. आता त्या सगळ्या कण्याच होत्या. रहांगडालेजी पिस्तुलात हवा भरायला गेले होते. मी चोरासारखे ते गोळा करून खिशात कोंबले आणि नवशिक्यांच्या डब्यातले, कोणी न धुतलेले छर्रे डबीत भरले.

आणि मी तिसरा आलो. इतके गुण मला सरावातही कधी मिळाले नव्हते. आनंदाबरोबर एक दुष्ट समाधानही झाले, हे कबूल केले पाहिजे. त्या साऱ्या आंघोळी, तो काटा, ते विमानापायी थांबणे, सर्व व्यर्थ असल्याचा पुरावा माझ्या हाती होता.

रहांगडालेजींनी माझे कागदी लक्ष्य उचलून उजेडाकडे धरले. भोकांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि काळा झालेला अंगठा मला दाखवला.

“धुतलेला दाणा काळं कडं सोडत नाई, सर.”

मी खिशातले पोचे पडलेले छर्रे काढून त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते पाहिले न पाहिल्यासारखे केले.

“मीबी पाहून घेतलं होतं,” ते हळूच म्हणाले. “पिस्तूल लोहाराच्या वाईसमध्ये कसून धुतलेले अन् बिनधुतलेले, दोन्ही दाणे मारले. आपल्या नेमाले काही फरक पडत नाई. तीन वर्षं झाली त्याले.”

“मग हे सगळं कशासाठी?”

त्यांनी लक्ष्याची चार घड्यांची पुडी केली. “घरी सगळ्याईले आपापलं काम हाय. किल्ली गेली तर चार वाजता मी कुठी जाऊ?”

इतक्यात सचिव आले. ते पडले वकील. त्यांनी माझी उलटतपासणीच सुरू केली. हे आक्रीत घडले कसे, असे त्यांनी विचारले. आयुष्यात वकिलापुढे खोटे बोलण्याचाच काय, खरे बोलण्याचाही मला सराव नाही. तरी मी म्हणालो, “छर्ऱ्यांमुळे. निवडलेले होते. साबणाच्या पाण्याने धुतलेले.”

“दोन पाण्यानं,” रहांगडालेजींनी जमिनीकडे पाहत दुरुस्ती केली, आणि घडी केलेले लक्ष्य सदऱ्याच्या आतल्या खिशात सारले.