गजभिये काका आणि हिरवा दिवा

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे : 'सहा माणसे, ४०८ किलो'. तिच्याखाली चिकटवलेल्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलंय : 'कोणती?' हे काम आमच्या वरच्या मजल्यावरच्या गजभिये काकांचं. नुसतं विचारून ते थांबले नाहीत. एका रविवारी वजनकाटा घेऊन लिफ्टच्या दारात बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्यावर उभं केलं. पाटीच्या हिशेबाने मी एकटा दीड माणूस भरलो. तेव्हापासून मी जिना वापरतो, निदान काका खाली बसलेले असतील तेव्हा तरी.

काका मूळचे नागपूरकडचे, पण चाळीसेक वर्षं पुण्यात. पंखे, इस्त्र्या, गिझर तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत हयात गेली. कंपनीने सांगायचं आणि काकांनी मोजायचं. निवृत्त झाले, पण खोड गेली नाही. तुम्ही सहज म्हणा, "काय उकडतंय आज!" काका चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, "मोजलं कोणी?" काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांना मीठसुद्धा मोजून दाखवावं लागत असणार, असं सोसायटीत म्हणायचे. म्हणायचे म्हणजे, मीच म्हणायचो.

तर अशा माणसाशी एअर प्युरिफायरवरून वाद घालायची दुर्बुद्धी मला झाली.

आईला दमा आहे. समोर रस्ता खणलेला, मागे नवी इमारत उठतेय, आणि सगळी धूळ आमच्या घरात. दिवाळीनंतर तिचे फार हाल झाले. डॉक्टर म्हणाले, हवा सांभाळा. मी आठवडाभर व्हिडिओ बघितले आणि यंत्र आणलं. पांढरंशुभ्र, डोक्यावर हिरवा दिवा. हिरवा म्हणजे हवा शुद्ध. दोनच दिवसांत आई म्हणाली, "बरं वाटतंय रे." मग काय, मी हवेतच! लगेच ऑनलाइन पाच तारे ठोकले आणि लिहिलं, 'आईचा खोकला निम्म्यावर आला.' ते वाचून सोसायटीतल्या आणखी दोन घरांनी तेच यंत्र घेतलं. लोक जिन्यात थांबवून मला सल्ला विचारू लागले आणि मीही देऊ लागलो.

तीन महिन्यांनी ते काकांच्याही वाचनात आलं. त्याच संध्याकाळी दारात हजर.

"निम्म्यावर म्हणजे? आधी किती होता?"

"अहो काका, खोकला कोण मोजतं?"

"मग निम्मा कशावरून?"

"दिवा बघा ना. सतत हिरवा असतो."

"दिवा कुणाचा?"

"कंपनीचा."

"वा! विद्यार्थी त्यांचा, पेपर त्यांचा, तपासणारेही तेच. तुम्ही फक्त पेढे वाटताय."

दुसऱ्या दिवशी ते हवेतले कण मोजायचं मीटर घेऊन आले. धुराचा त्रास नको म्हणून आईला आधी वर स्वतःच्या घरी नेऊन बसवलं. मग तिच्या खोलीची दारं-खिडक्या लावून दोन उदबत्त्या पेटवल्या, आणि यंत्र ठेवलं बंद.

"बंद यंत्राची कसली परीक्षा, काका?"

"धूर आपोआपही बसतो. त्याचं श्रेय यंत्राला द्यायचं नाही."

आकडे वहीत उतरले. मग खिडक्या उघडून खोली मोकळी केली, पुन्हा तेवढ्याच उदबत्त्या, पुन्हा तेवढाच वेळ, आता यंत्र चालू. काकांनी वही माझ्यापुढे धरली. दोन्ही रकाने जवळजवळ सारखे. एवढ्या धुरात डोळ्यांतून पाणी येतंय आणि दिवा आपला हिरवाच.

"तुमचं मीटर बिघडलं असेल," मी म्हणालो. माणूस बुडताना काहीही बोलतो.

काकांनी यंत्र उलटं फिरवलं आणि मागचं झाकण काढलं. आतली जाळी प्लास्टिकच्या पिशवीत जशीच्या तशी, सीलबंद. पिशवीवर ठळक लिहिलेलं : 'वापरण्यापूर्वी काढून टाका'. तीन महिने आमची हवा त्या पिशवीला बाहेरून प्रदक्षिणा घालत होती, आणि मी लोकांना सल्ले देत होतो.

आता काका काय बोलतात म्हणून मी मान खाली घालून उभा. पण ते हसलेही नाहीत. तसेच जिना चढून वर गेले, मी मागोमाग.

"ताई, खरं सांगा," त्यांनी आईला विचारलं. "बरं वाटत होतं?"

आईने माझ्याकडे बघितलं, मग खाली. "त्याने एवढ्या हौसेनं आणलं हो. नाही कसं म्हणायचं? खोकल्याची उबळ आली की मी बाथरूममध्ये जायचे. नळ सोडून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या नळावरून मी तिला दोनदा बोललो होतो, पाणी वाया घालवतेस म्हणून.

काका शेजारच्या खुर्चीवर बसले. वही मांडीवर तशीच उघडी.

"आमची हीसुद्धा असंच म्हणायची. बरं वाटतंय. तिच्या दम्यासाठी मीही आणलं होतं असलं एक डबडं, जाहिरात वाचून. जन्मभर लोकांचे पंखे तपासले, घरातलं तेवढं एक तपासलं नाही. ती बरं म्हणाली आणि मला तेच ऐकायचं होतं." वही मिटत म्हणाले, "मोजलं नंतर. ती गेल्यावर."

त्या मिठाच्या विनोदाची मला आजही लाज वाटते.

पिशवी काढून आम्ही पुन्हा चाचणी घेतली. यंत्र चालतं, पण दार लावलेल्या एका खोलीपुरतं. खोक्यावर छापलेल्या प्रशस्त हॉलपुरतं नाही. मी माझे तारे मागे घेतले आणि पिशवीसकट सगळं लिहून टाकलं. मग त्या दोन घरी गेलो. दोन्हीकडे पिशवी जागच्या जागी होती. माझाच सल्ला ऐकून लावलेलं यंत्र, दुसरं काय होणार!

आता काका रोज पाच वाजता येतात. आधी आईच्या खोलीतल्या हवेचे आकडे टिपतात. मग तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसतात आणि मनगटावरचं घड्याळ समोर धरून तिचे श्वास मोजतात.

"बरं आहे हो आता," आई म्हणते.

"ताई, तुम्हाला नाही विचारलं," काका घड्याळावरची नजर न काढता म्हणतात, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करतात.