पाणी नितळ येईपर्यंत

आमच्या आठ वर्षांच्या मितालीला दोन गोल्डफिश हवे होते. मासे आले, काचेची टाकीही आली. प्रश्न उरला तो तळाशी काय अंथरायचं याचा. पनवेलच्या दुकानदाराने गुलाबी आणि निळे खडे दाखवले. मी नाक मुरडलं. (घरात सौंदर्यदृष्टी फक्त मलाच आहे, असं फक्त मलाच वाटतं.) माशांना नदीत असल्यासारखं वाटावं म्हणून रविवारी सकाळी स्कूटर काढली, आपट्याला गेलो आणि पाताळगंगेच्या काठावरून पिशवीभर रेती घेऊन सुकापूरला परतलो. हे मासे दुकानात वाढलेत, त्यांनी नदी बघितलेलीच नाही, हे माझ्या बायकोने, चारुताने, मागाहून लक्षात आणून दिलं.

तोवर मासे एका बरणीत होते. संध्याकाळपर्यंत त्यांना मोठ्या पाण्यात सोडा, नाहीतर जगायचे नाहीत, असं दुकानदाराने बजावलं होतं. मिताली बरणीसमोर मांडी घालून बसली होती.

यूट्यूबवरचा माणूस म्हणाला होता, पाणी नितळ येईपर्यंत रेती धुवा. मी आज्ञाधारक माणूस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बाथरूममध्ये बादली मांडली आणि नळ सोडला. पहिलं पाणी चहासारखं निघालं. काही बादल्यांनंतर ते जवळजवळ नितळ झालं. (इथे शहाण्या माणसाने थांबायचं असतं.) मी म्हटलं, आणखी एकदा. मग आणखी एकदा. आणि दुपारी पाणी परत गढूळ यायला लागलं. जितकं धुवावं तितकं जास्त गढूळ. मला रडू यायचंच बाकी होतं. मासे वर येऊन तोंड उघडतायत, असं मिताली सारखी दारात येऊन सांगून जायची, आणि मी आणखी जोरात रेती घासायचो.

इतक्यात बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, कमळाकर पाटील. आमची इमारत त्यांच्याच शेतावर उभी आहे, त्यामुळे ते बोलले की सगळे ऐकतात.

"साहेब, तुमच्याकडं पानी कसं येतंय? सगल्या बिल्डिंगला चिखल येतोय. गच्चीवरची टाकी तलाला गेलीय."

त्या दिवशी पाणीकपात होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. (सोसायटीच्या ग्रुपवर सांगितलं होतं.) चारुताने नळाखाली पेला भरला आणि उजेडात धरला. पेल्यात तोच चहा.

"रेती केव्हाच स्वच्छ झाली होती," ती म्हणाली. "मघापासून तू गच्चीवरच्या टाकीचा गाळ त्यात घालतोयस."

टँकर यायच्या आत तो गाळ काढायलाच हवा होता. सेक्रेटरींनी माझ्या दुमडलेल्या पँटकडे पाहिलं आणि ब्रश मागवला. आमच्या सोसायटीत इतक्या एकमताने कधीच काही ठरलेलं नाही.

संध्याकाळी नखशिखांत चिखलाने माखून गच्चीवरून उतरलो. घरात बरणी रिकामी. मासे गेले की काय, मी विचारलं. चारुता म्हणाली, खालच्या कुमुदकाकूंकडे जाऊन बघ.

काकूंच्या जुन्या टाकीत, त्यांनी सकाळीच भरून ठेवलेल्या पाण्यात, आमचे दोन्ही मासे मजेत फिरत होते. तळाशी रेती नाही, खडे नाहीत, नुसती काच. मिताली हसत होती. मला इतकं हायसं वाटलं, की जवळून बघायला मी पुढे झालो.

मितालीने दोन्ही हात आडवे धरले.

"बाबा, तू लांबूनच बघ," ती म्हणाली. "पाणी गढूळ होईल."