नागोजीरावांचं टेम्परेचर

नागोजीरावांच्या घरी गेलं की ते "या, बसा" म्हणत नाहीत. "एक्कावन्न," म्हणतात. आपण चपला काढून आत येईपर्यंत तोच आकडा पुन्हा एकदा, जरा काळजीच्या सुरात म्हणतात. नवा माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, हे आपलं वय ओळखतायत. आम्हा गल्लीतल्या लोकांना ठाऊक असतं की हे त्यांच्या कंप्युटरचं टेम्परेचर आहे आणि काल ते एकोणपन्नास होतं.

तंजावरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत तेव्हा नव्या वस्तूंची नुसती रीघ लागली होती. कुणाकडे वॉशिंग मशीन आलं, कुणाच्या गच्चीवर टीव्हीची छत्री. माझा टायपिंगचा क्लास. मीही मागे राहायला नको म्हणून पाटीवर 'टायपिंग'च्या वर 'कंप्युटर' असं रंगवून घेतलं आणि मग एक कंप्युटरही आणला. तेव्हापासून मी गल्लीतली तज्ज्ञ झाले. कुणाचा मिक्सर बिघडला तरी मला बोलावणं यायचं. पण नागोजीरावांच्या कंप्युटरची सर माझ्या कंप्युटरला नव्हती, कारण त्यांचा पाण्यावर चालायचा. चालायचा विजेवरच हो, थंड व्हायचा पाण्यानं. पण ते जगाला "पाण्यावर" असंच सांगत.

ही सगळी करामत त्यांच्या मुलाची, प्रतापची. अमेरिकेला नोकरीवर जायच्या आधी त्यानं घरी बसून ती जुळवली. कंप्युटरच्या पोटात जो भाग सगळ्यात जास्त तापतो, त्याच्यावर तांब्याची पोकळ डबी बसवली. शेजारी स्टुलावर पितळी हंडा, हंड्यात मासे पाळायच्या टाकीतला छोटासा पंप, खिडकीत मोडीत निघालेल्या अँबॅसडरचा रेडिएटर आणि त्याच्यापुढे टेबलफॅन. हंड्यातलं पाणी नळीनं डबीत जायचं, तिथून तापून रेडिएटरमध्ये, आणि गार होऊन परत हंड्यात. "अप्पा, साठच्या वर जाऊ देऊ नका," एवढं सांगून प्रताप विमानात बसला.

या कंप्युटरवर नागोजीराव काय काम करत? टेम्परेचर बघत. टेम्परेचर बघायचं तर तो चालू हवा, चालू ठेवला की तो तापणार, आणि तापला की बघायलाच हवं. मी एकदा म्हटलं, "बंद ठेवलात तर साठ काय, चाळीसही गाठणार नाही." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवापुढची समई विझवायला सांगितली होती.

हंड्याला मात्र ते कुणाला हात लावू देत नसत. त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, ओरत्तनाडूकडच्या कालव्यांवर गेली. दारं उघडायची, पाणी सोडायचं आणि ते शेवटच्या गावापर्यंत पोचतंय का बघायला सायकल मारायची. त्यामुळे पाण्याविषयी कुणी काही बोललं की तोंडाशी यायचं, "पाणी माझं खातं, अक्का." सांबारात पाणी जास्त झालं तरी हेच. मला पाणी लागून खोकला झाला, तेव्हाही हेच ऐकवलं.

दर रविवारी सकाळी प्रतापचा फोन यायचा. प्रतापच्या आई सुंदराबाई होत्या तोवर फोन त्यांचा. काय जेवलास, कोण भेटलं, अंगावर काय घालतोस, सगळं त्या विचारत. नागोजीराव मागे उभे राहून "तिथं थंडी किती, विचार" एवढंच बायकोला सांगत. त्या गेल्या आणि फोन नागोजीरावांच्या हाती आला. आता बापलेकांनी बोलायचं काय? दोघांचा जन्म एकमेकांशी बाईंमार्फत बोलण्यात गेलेला. देवानं कंप्युटर दिला म्हणून बरं. "टेम्परेचर किती, अप्पा?" प्रताप विचारायचा, आणि हे आकडा सांगायचे.

त्या उन्हाळ्यात आकडा चढायला लागला. आधी चोपन्न, मग छपन्न, मग अठ्ठावन्न. गल्लीतला प्रत्येक जण निदान करायला येऊन गेला. वास्तू बघणारे म्हणाले, तोंड दक्षिणेला आहे, फिरवा. फिरवलं, तर नळी पिरगळली आणि आकडा आणखी चढला. वीजमंडळातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी व्होल्टेजला दोष दिला आणि कॉफी पिऊन गेले. कुणी सांगितलं, नळाचं पाणी बदला, कावेरीचं घाला. पण कावेरीत त्या वर्षी पाणीच नव्हतं.

रविवारचे फोन मात्र लांबले. प्रताप तिकडून एकेक उपाय सांगायचा, नागोजीराव इकडून ओरडून हो म्हणायचे. "होय रे, पंख्याची पाती पुसली. नळी सरळ केली. डबीचे स्क्रू आवळले. नाही उतरलं." सगळी गल्ली ऐकायची. पुढचा आठवडाभर सांगितलेलं करून बघायचं आणि रविवारी अपयश कळवायचं, असा क्रम बसला. इतका उत्साही पराभव मी दुसरा पाहिलेला नाही.

मग एका दुपारी कंप्युटर आपणहून बंद पडला. नागोजीराव माझ्या क्लासात आले, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. "त्रेसष्ट झालं, अक्का. मज भय वाटतं. प्रतापानं हातानं केलेलं ते. जळलं तर त्यास काय सांगू?"

मी गेले आणि म्हटलं, हंडा उघडा. "पाणी माझं खातं," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मी झाकण काढलं. आत वाळा. फडक्यात बांधलेली ती मुळांची जुडी सुटली होती आणि मुळं पंपाच्या तोंडात जाऊन घट्ट बसली होती. पाणी पुढे जाणार कुठून?

"हे काय घातलंत?"

"वाळा. प्यायच्या पाण्यात आपण घालतों की, गार राहायास," ते म्हणाले. "मग ह्यास का नको?"

मी हसू दाबून मुळं उपटली, पंप धुतला, पाणी बदललं. संध्याकाळपर्यंत आकडा सत्तेचाळीसवर आला. मी गल्लीतून अशी चालले की विचारू नका.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे कॉफीला गेले, म्हटलं, प्रतापच्या तोंडून चार कौतुकाचे शब्द येतील. फोन वाजला. "सत्तेचाळीस," नागोजीराव म्हणाले. "होय, उतरलं. अक्कानं केलं. होय. तिथं थंडी किती? बरं. सरी." तमिळातलं हे 'ठीक' म्हणून त्यांनी फोन ठेवला. माझी कॉफी अजून गरमच होती.

नागोजीराव फोनकडे बघत बसले. "मिटलं म्हणाला. आता काळजी नाही म्हणाला." मला फार वाईट वाटलं. आपल्या हातानं आपण कुणाचं काय काढून घेतलं, हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या आठवड्यात मी दारात पाऊल टाकलं, तर "छपन्न." आवाजात अगदी जुनी काळजी. मी सरळ हंड्यापाशी गेले आणि झाकण उचललं. वाळ्याची नवी जुडी, आणि या खेपेला फडकंही नव्हतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खिडकीतल्या रेडिएटरकडे बघत होते.

"कालवा नीट वाहायचा, तेव्हा ऑफिसात कोणी फिरकायचं नाही, अक्का," ते म्हणाले. "गवत अडकलं की गावंच्या गावं येऊन बसायची. कॉफी व्हायची, बोलणं व्हायचं. मी लगेच गवत काढायचा नाही. चार दिस राहू द्यायचा."

मी झाकण ठेवलं. शुक्रवारी बाजारात गेले तेव्हा चांगला वास असलेल्या वाळ्याच्या दोन जुड्या घेतल्या. एक आमच्या माठासाठी, एक नागोजीरावांना नेऊन दिली.

"बेतानं घाला," मी म्हटलं. "साठच्या आत राहू द्या."

"सरी मा," ते म्हणाले आणि जुडी हंड्याच्या झाकणावर ठेवली. "पाणी माझं खातं."