निरोप न पोचवणारा दत्ता

दत्ता ठोंबरे उगाच कुणाचा निरोप पोचवत नाही. कर्जतला एका लग्नात एका गृहस्थांनी त्याला सांगितलं, त्या निळ्या शर्टवाल्यांना म्हणावं, गाडी काढा. दत्ताने हातातली जिलबी ताटात ठेवली आणि विचारलं, "तुमी कोण? आणि ते कोण?" दोघांपैकी एकही त्याच्या ओळखीचा निघाला नाही, तेव्हा तो पुन्हा जिलबीकडे वळला. नवरदेवाची गाडी बराच वेळ मागे अडकून पडली होती.

त्याचं म्हणणं साधं आहे. निरोप देणारा तरी आपला हवा, नाहीतर घेणारा तरी. दोघंही परके असतील तर मधे आपलं काय काम?

हे वेड त्याला कारखान्यात लागलं. चौक गावाजवळच्या आमच्या पंपांच्या कारखान्यात मी हिशेब बघतो आणि तो ईमेलचा सर्व्हर सांभाळतो. फिरतीवरचे विक्रेते लॉजवरून मेल जात नाही म्हणून ओरडायचे. त्याला कंटाळून दत्ताच्या आधीच्या माणसाने सर्व्हर सगळ्या जगाला मोकळा करून ठेवला होता. चोरांना वास लागला. आमच्या सर्व्हरवरून देशोदेशी टकलावरच्या औषधाच्या जाहिराती जाऊ लागल्या, आणि लोकांनी आमच्या नावावरच काट मारली. आमची खरी कोटेशनंसुद्धा परत यायला लागली. ऑर्डरी आटल्या.

दत्ताने आल्या आल्या दार लावलं. बाहेरून कारखान्याला येणारी मेल घ्यायची. पण आमच्या सर्व्हरवरून बाहेर काही पाठवायचं तर आधी स्वतःचं नाव आणि पासवर्ड. मग माणूस लातूरच्या लॉजवर असो की समुद्रात बोटीवर. मालकही सुटले नाहीत. पासवर्ड विसरून त्यांनी महाबळेश्वरहून फोन केला, तर हा म्हणाला, "आवाज तुमचाच वाटतोय, पण आवाजावर मी कुणाला आत सोडत नाय." मालक तणतणले. आता तेच येणाऱ्याजाणाऱ्याला हा किस्सा कौतुकाने सांगतात. मला तर या माणसाचा अभिमानच वाटतो.

नोकरी सुटली की त्याच संध्याकाळी खातं बंद, असा त्याचा नियम. फक्त पिंगळेकाकांचं त्याच्याच्याने बंद झालं नव्हतं. काका आमचे जुने विक्रेते, निवृत्त होऊन कडावला राहतात. आताशा त्यांना विसर पडतो. आपण अजून फिरतीवरच आहोत असं वाटतं. मध्यंतरी त्यांनी सांगलीच्या एका गिऱ्हाइकाला पंप पाठवतोय म्हणून मेल धाडली. गिऱ्हाईक वाट बघत बसलं, मालक भडकले, आणि दत्ताने मान खाली घालून खातं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. मेल जात नाही म्हणून काका पानावर बसायला तयार नव्हते. ऑर्डर पाठवल्याशिवाय जेवायचं नाही, ही त्यांची फिरतीवरची जन्मभराची सवय. दत्ता तडक मालकांच्या केबिनमध्ये गेला आणि काकांच्या मेलची जबाबदारी माझी, असं सांगून आला. खातं पुन्हा सुरू झालं. आता काका कुणालाही लिहोत, त्यांची मेल बाहेर जात नाही, एकट्या दत्ताकडे येते.

रोज जेवणाच्या सुट्टीत हा आधी त्यांना उत्तर लिहितो आणि मग आपला डबा उघडतो. मी एकदा विचारलं, "काय लिहितोस रं?"

"माल निघाला," तो म्हणाला. "एवढं वाचलं की काका जेवतात."